खेकडा, नग एक

प्रसेनजित तायडे सरांनी आजवर चुका पुष्कळ केल्या, पण शुद्ध मराठीत केलेली ही पहिलीच. आणि ती शुद्ध होती म्हणूनच तिचा एवढा विस्तार झाला. इंग्रजीत केली असती तर ती कोणी वाचलीच नसती.

सर पिंपळगाव राजाच्या शाळेत भूमिती शिकवतात. शिवाय गावातल्या शेतकऱ्यांनी मिळून जी कंपनी काढली आहे, तिचे ते सचिव. सचिव होण्याचं कारण एवढंच की पहिल्या सभेत पेन फक्त त्यांच्याच खिशाला होतं. अध्यक्ष कडूबा. त्यांच्या खिशाला तंबाखूची पुडी होती.

कंपनीचं गोदाम गावाच्या टोकाला, काळ्या मातीत. गोदाम उत्तम आहे. फक्त तिथे जाता येत नाही. म्हणजे माणूस जातो, बकरी जाते, पण थैल्यांनी भरलेली ट्रॉली जात नाही. कारण वाट एकच, आणि तिच्या डाव्या अंगाला सोजराबाईंची दगडमातीची भिंत, उजव्या अंगाला विजेचा खांब. जिथे या दोघांमधली जागा सगळ्यात कमी आहे, नेमकी तिथेच वाट दोन हात बाजूला सरकते. आखणाऱ्याला मध्येच शिंक आली असावी, आणि शिंकेनंतर त्याने जिथे पाय पडला तिथून पुढे आखायला घेतलं असावं.

सोजराबाईंनी ती भिंत स्वतः रचली आहे. एकेक दगड वावरातून डोक्यावर आणून. त्या भिंतीने आजवर दोन सरपंच, एक ग्रामसेवक आणि एक अख्खा सिमेंटचा रस्ता परत पाठवला आहे. त्यामुळे बियाण्याची प्रत्येक थैली त्या वाटेने माणसाच्या पाठीवरून जायची. कडूबांची पाठ तर अशी झाली होती की ते सरळ उभे राहिले तरी लोक विचारायचे, "काय शोधून राह्यले?"

अशात जिल्ह्याच्या एका योजनेतून पंधरा दिवसांच्या प्रात्यक्षिकासाठी एक यंत्र आलं. फोर्कलिफ्ट. पण कारखान्याच्या गुळगुळीत फरशीवर फिरणारी नव्हे. खाचखळग्यांत, ढेकळांत, चिखलात चालणारी. कमरेएवढी चाकं, पिवळा रंग, पुढे दोन लांब लोखंडी सुळे. अट सोपी होती. पंधरा दिवसांत या यंत्राने थैल्यांची एक थप्पी गोदामात नेऊन ठेवायची, आणि तपासणी अधिकाऱ्याने फाइलवर तसा शेरा मारायचा. शेरा मिळाला तर यंत्र पिंपळगावात राहणार. नाही मिळाला तर लोणारला जाणार.

"लोणारले काऊन?" कडूबा भडकले. "त्यायच्या घरी आधीच एवढा मोठा खड्डा हाय. सारी दुनिया पाह्याले येते. अजून काय पायजे त्यायले?"

यंत्रासोबत ते चालवणारा गणेशही आला होता. खामगावचा, पंचविशीचा, कमी बोलणारा. सर त्याला आणि कडूबांना घेऊन सोजराबाईंकडे वाट मागायला गेले. बाई मुगवड्या घालत होत्या. त्यांनी यंत्राचं वर्णन पूर्ण ऐकून घेतलं, हात धुतले आणि म्हणाल्या, "जाऊ द्या. पण माह्या भित्तीले बोट लागलं तं वाट बंद. माणसाले बी बंद, बकरीले बी बंद."

म्हणजे आता एका बाजूला लोणार आणि दुसऱ्या बाजूला भिंत. मध्ये सर.

*

सरांनी आधी जिल्ह्याच्या कचेरीत तपासणीसाठी अर्ज केला. सुशिक्षित माणूस कुठल्याही कामाची सुरुवात अर्जाने करतो. यंत्राची सुरुवात चावीने होते हे त्याला नंतर कळतं. अर्जाच्या नमुन्यात एक रकाना होता: 'यंत्राची वैशिष्ट्ये (मराठीतच लिहावीत)'. त्या 'च'ने सरांचा घात केला. गणेश इंग्रजी पुस्तिकेतून एकेक शब्द वाचत गेला आणि सर तो मराठीच्या पाण्यात बुडवून काढत गेले.

यंत्राचा मागचा आस चाकांच्या खालच्या खाचखळग्यांप्रमाणे वरखाली हलतो, त्यामुळे एक चाक ढेकळावर चढलं तरी बाकीची तीन जमीन सोडत नाहीत आणि यंत्र कलंडत नाही. सरांनी शब्दकोश पाहिला. त्यात चाकांच्या आसाला 'धुरा' असा भारदस्त शब्द सापडला. त्यांनी लिहिलं: 'डुलता धुरा'.

यंत्राची चारही चाकं वळतात. त्यातही तीन तऱ्हा. पहिली, फक्त पुढची चाकं वळतात, साध्या गाडीसारखी. दुसरी, पुढची एकीकडे आणि मागची विरुद्ध दिशेला, म्हणजे यंत्र जागच्या जागी गर्रकन फिरतं. तिसरी, चारही चाकं एकाच दिशेला वळतात, आणि यंत्र तोंड सरळ ठेवून तिरकं तिरकं सरकतं. पुस्तिकेत या तिसऱ्या तऱ्हेला खेकड्याचं नाव होतं. शिंकेच्या त्या दोन हातांवर हाच एक इलाज होता, म्हणून सरांनी ती थेट विषयाच्या ओळीतच घेतली: 'विषय: खेकडा चालीची तपासणी होऊन मिळणेबाबत.'

पत्नी महामाया दवाखान्यात प्रयोगशाळेचं काम बघते. तिने अर्ज वाचला आणि विचारलं, "यात यंत्र कुठे आहे?"

"संदर्भाने कळतं," सर म्हणाले.

"कोणाला?"

भाषेच्या बाबतीत सर घरात चर्चा करत नाहीत.

*

अर्जाची एक प्रत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली आणि पहिला भडका उडाला तो धुऱ्याचा. शब्दकोशात धुरा म्हणजे काहीही असो, आमच्या वऱ्हाडात धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. भावाभावांत अबोला असेल तर कारण विचारू नये, धुरा असतो. तालुक्यातले निम्मे वकील धुऱ्यावर जगतात. आणि आता गावात सरकारी फळ्यावर छापील अक्षरांत लिहून आलं होतं, की असं एक यंत्र आलंय ज्याने धुरा डुलतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर दात घासत असताना गोविंदा आला. सरांचा जुना विद्यार्थी, आता शेती करतो. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "सर, किती डुलते?"

"काय किती डुलतं?"

"धुरा वो. दोन हात डुलन काय? पूर्वेकडे?"

सरांनी तोंडातला फेस तसाच ठेवून अर्धा तास समजावलं. गोविंदाने मान डोलावली, सगळं पटल्यासारखं केलं, आणि जाताना म्हणाला, "दीड हात बी चालन."

तो गेला आणि गोविंदाचा शेजारी लेखी हरकत घेऊन आला, की सदर यंत्र माझ्या धुऱ्यापासून शंभर फूट लांब ठेवावे. दुपारपर्यंत अशा अकरा हरकती आणि सहा गुप्त विनंत्या झाल्या. सहावी विनंती कडूबांची होती. "तुम्ही अध्यक्ष आहात!" सर म्हणाले. "म्हणूनच तं शेवटी आलो," कडूबा म्हणाले.

धुरा निस्तरेपर्यंत चार दिवस गेले. सरांनी शाळेच्या मैदानात गणेशला यंत्र चालवायला लावलं आणि एका चाकाखाली मुद्दाम दगड ठेवून सगळ्या गावाला दाखवलं, की बघा, डुलतो तो हा लोखंडी दांडा. तुमच्या वावरातलं काही नाही. गाव निराश होऊन परतणार, तेवढ्यात सरांना उत्साह आला. "आता चारही चाकांचं दाखव," ते गणेशला म्हणाले.

गणेशने आधी जागच्या जागी फिरायची तऱ्हा दाखवली. एवढं मोठं धूड स्वतःभोवती असं फिरलं की मैदानाच्या कडेला उभ्या कलाबाई ओरडल्या, "अवं माय, फुगडी घालून राह्यलं!" तेव्हापासून गावात त्या तऱ्हेला फुगडी हेच नाव पडलं.

"आता खेकडा!" सर म्हणाले.

"थांबा सर," गणेश म्हणाला, "आधी चाकं सरळ..."

"खेकडा!" सर पुन्हा म्हणाले. मागे अख्खी नववी उभी होती आणि माणसाचा आवाज अशा वेळी आपोआप चढतो.

एका तऱ्हेतून दुसरीत जाताना आधी चारही चाकं सरळ करून घ्यायची असतात. नाहीतर पुढच्या चाकांना वाटतं आपण एका गावाला निघालोय आणि मागच्यांना वाटतं दुसऱ्या. यंत्र फुगडीतून थेट खेकड्यात शिरलं आणि मग ते नेमकं कशात होतं हे गणेशलाही सांगता आलं नाही. नवरदेवाचा घोडा बँड ऐकून बिथरावा तसं ते आडवं, तिरकं, मग मागे, आणि शेवटी थांबलं तेव्हा व्हॉलीबॉलचा एक खांब त्याच्या सुळ्यांवर होता. जाळीसकट.

बातमी पसरायला मैदानाबाहेर जावं लागलं नाही. सगळं गाव तिथेच होतं. त्या दिवसापासून सरांना नाव पडलं: खेकडा सर. दूधवाला "खेकडा सरायचं घर" म्हणून रतीब टाकू लागला. नववीच्या फळ्यावर कोणीतरी प्रमेय लिहून ठेवलं: 'सरळ रेषा काढून दाखवा, सर.' महामाया संध्याकाळी कप पुढे करत म्हणाली, "चहा घ्या. सरळ बसून."

सर्वांत जास्त आनंद झाला तो सरांच्या वडिलांना. माणिकराव चौतीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर होते. घाटातलं असं एकही वळण नाही ज्याला ते नावाने ओळखत नाहीत. त्यांच्या मते चारही चाकं वळवणं हा वाहन चालवण्यातला पोरकटपणा होता.

"मांगचं चाक मांगंच येते. त्याले कायले अक्कल द्या लागते?" ते म्हणाले. "मांगच्या चाकाले स्टेरिंग देणं म्हंजे घरात दोघायचं चालू देणं."

"म्हणूनच वळतंय ते, मामंजी," महामाया म्हणाली.

माणिकरावांनी पेपर उघडला. उलटा होता, पण त्यांनी तो तसाच वाचला.

*

आठ दिवस झाले, तपासणीचा पत्ता नाही. सर आणि माणिकराव एसटीने बुलढाण्याला निघाले. घाटात प्रत्येक वळणावर माणिकराव ड्रायव्हरला ऐकू जाईल असे "हं... आता... आता काट" करत होते, त्यामुळे प्रवास लांबला नाही पण वाटला तसा.

कचेरीतल्या बाबूने नोंदवही उलगडली, बोट फिरवत खाली आला आणि म्हणाला, "तुमची फाइल पाण्यात गेली."

सर खुर्चीवर बसले. "सगळी?"

"पाण्यात म्हणजे मासळीच्या शाखेत. विषय खेकड्याचा आहे ना? मागच्या बाजूला, शेवटची खोली."

शेवटच्या खोलीत सारिका मॅडम होत्या. नवीनच बदली होऊन आलेल्या, समुद्रकाठच्या. जिथून रेल्वे जात नाही आणि समुद्राला जायचं तर एक अख्खा दिवस मोडतो अशा गावी मासळीची शाखा सांभाळत होत्या. सरांना पाहताच त्या उठून उभ्या राहिल्या.

"तायडे सर तुम्ही? या, बसा! सहा महिन्यांत खेकड्याचा हा पहिला अर्ज. मला इतका आनंद झालाय म्हणून सांगू. पाण्याचा स्रोत काय आहे तुमच्याकडे?"

"पाणी नाही मॅडम."

"विहीर? शेततळं?"

"नाही."

मॅडमनी पेन थांबवलं. "मग खेकडा जगतो कशावर?"

"डिझेलवर," सर म्हणाले. आणि मग त्यांनी, भूमितीचा शिक्षक जितक्या कमी पायऱ्यांत सांगू शकतो तितक्यात, सगळं सांगितलं. यंत्र, तऱ्हा, भिंत, लोणार.

मॅडमच्या चेहऱ्यावरून आनंद उतरायला थोडा वेळ लागला. सरांना त्यांचं खरोखर वाईट वाटलं.

"फाइल योग्य शाखेत पाठवता येईल का?" त्यांनी विचारलं.

"येईल. सात सह्या लागतील. साधारण महिना."

"आमच्याकडे सहा दिवस आहेत."

मॅडमनी फाइल पुढे ओढली. "सर, माझ्या नोंदवहीत खेकडा आला म्हणजे आला. मी तपासल्याशिवाय तो कुठे जाऊ देत नाही. शेवटच्या दिवशी येते. मला तो चाललेला दिसला पाहिजे. तिरका."

"तिरकाच चालेल," सर म्हणाले. इतकी वर्षं सरळ रेषेची बाजू घेतलेल्या माणसाने हे शब्द उच्चारले आणि त्यांना स्वतःलाच पाणी प्यावंसं वाटलं.

*

पुढचे पाच दिवस सर दुसरं काही करत नव्हते. त्यांनी मैदानात चुन्याने वाट आखली: हुबेहूब, शिंकेसकट. भिंतीच्या जागी बाकं लावली, खांबाच्या जागी पीटीचे शिक्षक उभे केले. साध्या चालीत यंत्राचं तोंड वळलं की त्याची जड शेपूट विरुद्ध बाजूला झुलायची आणि दोन बाकं आडवी व्हायची. फुगडीत तर चार. फक्त खेकड्यात शेपूट झुलत नव्हती. अख्खं यंत्र एका अंगाने सरकायचं आणि बाकांपासून चार बोटं दूर राहायचं. चार म्हणजे चार. सरांनी सतरा वेळा मोजली. पीटीच्या शिक्षकांनी सतरा वेळा डोळे मिटले.

गावही सल्ले द्यायला कमी पडलं नाही. चाकांतली हवा कमी करा. भिंतीला तेल लावा. यंत्र उचलून न्या. हा शेवटचा सल्ला गोविंदाचा होता, आणि यंत्र कशाने उचलायचं असं विचारल्यावर त्याने यंत्राकडेच बोट दाखवलं.

पंधरावा दिवस उजाडला. सगळं गाव गोदामाच्या वाटेवर. सोजराबाईंनी आपली व्यवस्था चोख केली होती. भिंतीच्या माथ्यावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, लुगड्याचा फाटका पदर अंथरून त्यावर मुगवड्या वाळत घातल्या होत्या. कडेकडेने, अगदी पडतील न पडतील अशा.

"भित्तीले धक्का लागला का नाई, मले दिसते थोडंच? डोळे गेले," त्या खाटेवर बसत म्हणाल्या. "वडी पडली का समजलं. एक बी पडली तं वाट बंद."

सारिका मॅडम भाड्याच्या जीपने आल्या, हातात तपासणीचा छापील तक्ता घेऊन. नग, रंग, वजन, खाद्य, चाल, प्रकृती.

गणेशने सुळ्यांवर बियाण्याची थप्पी घेतली आणि निघाला. वाटेतल्या वाळून खडक झालेल्या चाकोऱ्यांवरून यंत्र वर आलं, खाली गेलं, धुरा इकडे डुलला, तिकडे डुलला, पण थैली एक हलली नाही. गोविंदा आणि त्याचा शेजारी दोघेही शेजारी उभे राहून तो धुरा बघत होते, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एका बाजूने.

खांबापाशी यंत्र थांबलं. गणेशने चाकं सरळ केली. या वेळी कोणी ओरडलं नाही. मग त्याने मान बाहेर काढली. "सर, पुढे थप्पी आहे, मागे शेपूट. मला भिंत दिसत नाही. तुम्ही सांगा."

सर पुढे झाले. घसा साफ केला. "गणेश, चौदा अंश डावीकडे!"

"सर, अंश नका सांगू. थांब का चल, तेवढं सांगा."

"मग साधारण... म्हणजे कर्णाच्या दिशेने..." आणि सर तिथेच अडले. सगळी मापं डोक्यात होती, चारही बोटं पाठ होती, पण थांब आणि चल यांच्यातला नेमका क्षण कुठल्याच प्रमेयात नव्हता. भिंतीवर एक वडी वाऱ्याने हलली.

त्यांनी वळून वडिलांकडे पाहिलं.

माणिकराव हाताची घडी घालून उभे होते. "मी डायवर हाओ," ते म्हणाले. "चौतीस साल. कंडक्टरचं काम म्या जिंदगीत केलं नाई."

"बाबा," सर म्हणाले.

माणिकरावांनी गणेशच्या पेटीतला पाना उचलला, यंत्राच्या मागे गेले, भिंत आणि पत्रा यांच्यामधल्या फटीला डोळा लावला, आणि यंत्राच्या शेपटीवर दोनदा वाजवलं.

टण्‌ टण्‌.

एसटीत बसलेल्या माणसाला या दोन ठोक्यांचा अर्थ शिकवावा लागत नाही. गणेशने क्लच... नव्हे, त्या यंत्राला क्लच नाही. त्याने पाय हलका दाबला आणि चारही चाकं एकाच वेळी डावीकडे वळली. अख्खं पिवळं धूड तोंड न वळवता बाजूला सरकायला लागलं. नवऱ्याच्या घरात पहिल्यांदा शिरणाऱ्या नवरीसारखं, भिंतीकडे न बघता, भिंतीची पूर्ण जाणीव ठेवून.

टण्‌. थांबलं.

माणिकरावांनी फटीत चार बोटं घातली. बसली. टण्‌ टण्‌.

पुन्हा सरकलं. टण्‌. टण्‌ टण्‌. त्या उन्हात, त्या अरुंद वाटेत, कुठल्याही बसची वेळ नसताना, घंटी वाजत राहिली. आणि शिंकेचे ते दोन हात संपले. यंत्र पलीकडच्या वाटेला सरळ लागलं, गोदामाच्या अंगणात गेलं, एक फुगडी घालून दाराला नीट तोंड केलं आणि थप्पी आत ठेवून बाहेर आलं. परतीलाही टण्‌ टण्‌. परतीलाही चार बोटं.

सोजराबाई उठल्या. भिंतीच्या या टोकापासून वड्या चाचपत निघाल्या. त्या टोकाला पोचून थांबल्या.

"एक कमी हाय."

सर गुडघ्यावर बसून भिंतीच्या बुडाशी शोधू लागले. माणिकरावांच्या हातातला पाना खाली आला. सारिका मॅडमनी तक्ता छातीशी धरला. आणि त्या शांततेत फक्त एक आवाज ऐकू येत होता. कुरुम. कुरुम.

सगळ्यांनी कडूबांकडे पाहिलं.

"टेन्शन आलं होतं," कडूबा तोंड भरून म्हणाले. "मीठ कमी हाय जराक."

सोजराबाईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. मग यंत्राकडे वळून म्हणाल्या, "पडली नाई. वाट चालू."

काय टाळ्या झाल्या! मॅडमनी तिथेच बोनेटवर तक्ता ठेवून रकाने भरले. माणिकरावांनी पाना पुसून गणेशला परत दिला आणि जाहीर केलं, की आपली डुटी संपली, आता कोणालाही घंटी मिळणार नाही. मॅडम जीपमध्ये बसल्या. ड्रायव्हरने वळवायला गाडी मागे घेतली. साधी गाडी, फक्त पुढची चाकं वळणारी, आणि मागे ठोका द्यायला कोणी नाही.

धप्प.

चार हात भिंत, वड्यांसकट, वाटेत आडवी झाली.

जीपचा ड्रायव्हर उतरला आणि आपोआप वड्या वेचायला बसला. पण बाकी सगळ्यांच्या नजरेत हळूहळू एक विचार पसरला, आणि तो विचार अखेर कडूबांच्या तोंडातून बाहेर आला. "सोजरामाय... आता पडलीच हाय, तं बांधतानी दोन हात मांगं घेतली तं? साधी ट्रॉली बी जाईन. कायचा खेकडा अन् कायचं काय."

सरांच्या पोटात खड्डा पडला, लोणारएवढा. दोन हात मागे. म्हणजे सतरा वेळा मोजलेली चार बोटं, चुन्याची वाट, पीटीच्या शिक्षकांचे मिटलेले डोळे, बाबांचा पाना, सगळं फक्त एका दिवसाचं. उद्या तिथून कोणीही बैलगाडी हाकत जाईल आणि म्हणेल, इथून निघायला खेकडा सरांना पंधरा दिवस लागले.

सोजराबाईंनी पडलेल्या दगडांकडे पाहिलं. "हे खेकड्यानं पाडली काय?"

"नाई माय. जीपनं."

"मंग मांगं कायले घेऊ? जागेवरच बांधा." त्या सरांकडे वळल्या. "काय वो खेकडा सर, तुमच्या यंत्राले पुरते ना एवढी जागा?"

हे नाव सरांना पंधरा दिवसांत पहिल्यांदा पुरस्कारासारखं ऐकू आलं. ते ताठ उभे राहिले. काटकोनात.

"पुरते मावशी," ते म्हणाले. "चार बोटं उरतात."

दगड गणेशने सुळ्यांवर उचलून दिले, माणिकरावांनी ओळंबा धरला, आणि उन्हं उतरायच्या आत भिंत जिथल्या तिथे उभी राहिली. यंत्र आजही रोज तिथे पोचलं की चाकं सरळ करतं, थांबतं, आणि दोन ठोक्यांची वाट बघतं.

तपासणीच्या अहवालाची प्रत आठवड्याने आली. सरांनी ती काचेत मढवून गोदामाच्या दारावर लावली आहे. खाली सही आणि मासळी शाखेचा शिक्का आहे. वर लिहिलंय:

'खेकडा, नग एक. रंग पिवळा. वजन सात टन. खाद्य डिझेल. पाण्याविना जगतो. धुरा डुलतो, मात्र कोणाच्याही शेतातला नाही. चाल तिरकी, घंटीस प्रतिसाद देतो. प्रकृती उत्तम. मूळ जागी ठेवण्यास हरकत नाही.'